जांभळीखालचा कोंडा

ता. ३ ऑक्टोबर १९५१
मार्चात आमची मालगुजारी, म्हणजे गावाची मालकी, गेली; आज नोटीस आली. गावातले सर्व नाले सरकारजमा. परवानगीवाचून बांध घालू नये. इकडे धान पोटरीत. दरवर्षी याच सुमारास नाल्यावर मातीचा बांध पडतो आणि बांध्यांना, धानाच्या खाचरांना, शेवटचं पाणी मिळतं. यंदा चुकलं तर लोंबीत दाणा भरणार नाही. माझ्याही, खालच्या सगळ्यांच्याही. परवानगी तहसीलच्या साहेबांच्या टेबलावर. साहेब दौऱ्यावर.

ता. ५
वकिलाने फट दाखवली. नाल्याचा उगम माझ्या शेतात असेल, तर बोलायला जागा आहे. आहेच की! जांभळीच्या मुळाखालून पाणी निघतं. आजोबांपासून तिथे नारळ फुटतो. अर्ज खरडला. ‘वंशपरंपरागत उगम’ हे शब्द स्वतःच तीनदा वाचले. सौ. म्हणाली, “उगम तुम्हीच केल्यासारखं लिहिलंय.”

ता. ९
पटवारी आला. नवा, गोंदियाचा, बोलणं सगळं हिंदीत. जांभळीखाली वाकून पाहिलं, खूश. “पक्का है, मालिक. लिख देता हूँ.”
तेवढ्यात सोमा बोलला. सोमा गावाचा पाणकर. माझ्या बापाच्या वेळेपासून बांध्यांना पाणी वाटतो.
“हा उगम नोहे जी. पानी अठी फक्त वर येते. देवरीकडच्या जंगलातून येऊन रायलं ते.”
“मग आजवर काऊन नाही बोललास?”
“तुमी इचारलं कधी?”
पटवाऱ्याने दौतीला बूच लावलं. तपासावं लागेल म्हणे.

ता. १०
तिघे जंगलात, दीड कोस. गुडघाभर नाला खळखळत एका काळ्या खडकापाशी येतो आणि संपतो. भेगेत शिरतो. पलीकडे ओला दगडसुद्धा नाही. सोमाने पोतंभर धानाचा कोंडा भेगेत ओतला. “उद्या जांभळीखाली पाहा जी.”

ता. ११
सकाळपासून जांभळीखाली. पटवारी शेताच्या कडेला, धुऱ्यावर, पाठ करून, डबा खात. मनात म्हणत होतो, देवा, न येवो.
दहाच्या सुमारास मुळांतून एक पिवळा कण आला. मग चार-पाच. मग कोंडाच कोंडा, गरगरत, उन्हात चमकत, जमिनीखालचा दीड कोस अंधार चालून आलेला. तीन पिढ्या या पाण्याचे मालक म्हणवलं. आमच्याकडे ते फक्त वर येतं.
“कुछ निकला क्या, मालिक?” पटवाऱ्याने मान न वळवता विचारलं.
सोमा माझ्याकडे पाहत होता. प्रश्न त्याला नव्हता.
ओंजळ भरली आणि पटवाऱ्यापुढे धरली. त्याने डबा खाली ठेवला. “अबब,” म्हणाला, मराठीत.

ता. १५
माझा अर्ज ‘दावा खोटा’ या शेऱ्यानिशी साहेबांकडे गेला. सोबत परवानगीचा नवा. यात ‘विनंती’ आहे. पटवाऱ्याने कोंड्याची पुडीही टाचली. साहेब कधी येतील? “देखेंगे.” वरच्या बांध्यांना भेगा पडू लागल्या.
सायंकाळी सोमा फावडं घेऊन दारात, मागे गावातली दहा-बारा माणसं.
“बांध टाकू का जी?”
इतक्या वर्षांत त्याने हे मला पहिल्यांदा विचारलं.
“मला कायले इचारतोस? नाला आता सरकारचा.”
“सरकार तं नाही दिसून रायलं. तुमी दिसले.”
धोतर खोचलं. दुसरं फावडं गोठ्यात असतं, सौ. म्हणाली. माझ्याच घरातलं, आणि तेही विचारावं लागलं.