बोटभर खाली

रविवार सकाळ, एप्रिल १९६४

प्रिय फिर्मिन,

पट्टा अडकलाच होता! किती वेळा सांगू? पाय पेडलला बांधायच्या पट्ट्याच्या बकलात चिखल बसला होता आणि थंडीनं माझी बोटं लाकडासारखी झाली होती. आणि तू बुधवारी जेवताना अख्ख्या टेबलासमोर म्हणालास, "आमच्या मेहुण्यांना हल्ली सायकलवरून उतरायलाही जिना लागतो." सगळे हसले. मॅनेजर हसला, मालिशवाला हसला, टीममधला लुसियन तर तोंडात बटाटा ठेवून हसला. मीही हसलो. तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून हसायची मला सवयच लागलीय. आज नाही हसणार. आज शर्यतीआधी तू खाली मालिशच्या टेबलावर पालथा पडलायस, मी वर हॉटेलातल्या आपल्या खोलीत तुझ्याच पलंगावर बसून लिहितोय, आणि मला मध्ये तोडायला कुणी नाहीये. तेव्हा ऐक.

बुधवारच्या शर्यतीत पुढच्या पाच जणांत आपण दोघं होतो. वारा बाजूनं येत होता आणि तो सगळा मी खात होतो, तू माझ्या आडोशाला. ते ठीकच आहे, त्याचाच मला पगार मिळतो. पण एक गोष्ट माहीत नसल्यासारखं तू दाखवतोस, जणू मागून फक्त माझी पाठ दिसते. मला दम लागला नव्हता. गुडघ्याच्या मागे कळ येत होती, नेहमीसारखीच, सुई फिरवल्यासारखी, पण दम नव्हता लागला. बाकीच्या तिघांचा श्वास मला ऐकू येत होता, त्यांची हालत खराब होती. चर्चचा मनोरा दिसायला लागला आणि मनात आलं, आज मी जाऊ शकतो. नुसतं मनात आलं हां. तेवढ्यात मागे फुस्स झालं आणि तू ओरडलास, "ओडील!" बस, एवढंच. दुकानात माणूस वस्तू मागतो ना, तसं. मी थांबलो, पट्टा अडकला, तू मला शिव्या घातल्यास, माझी सायकल ओढून घेतलीस आणि गेलास. तिसरा आलास. मी बीटच्या शेताच्या कडेला तुझी बसलेल्या चाकाची सायकल धरून गाडीची वाट बघत उभा राहिलो. एक म्हातारा कुंपणापलीकडून म्हणाला, "काय रे पोरा, पंक्चर झालं?" मी म्हटलं, "हो, झालं." आणखी काय सांगणार होतो त्याला?

तुझ्या सासऱ्याच्या, म्हणजे माझ्याच बापाच्या कॅफेत काउंटरच्या वर तुझा तो मोठा फोटो लावलाय. तुझी पहिली मोठी शर्यत. दोन्ही हात वर, तोंड चिखलानं काळं, दात तेवढे पांढरे. लोक बिअर पितात आणि त्या फोटोकडे बघून ग्लास उचलतात. कधी नीट बघितलायस? कमरेशी तुझा नंबर आहे आणि सायकलच्या दांडीवर माझा. ती सायकल माझी होती. तेव्हा मला त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं! मी बोट ठेवून लोकांना दाखवायचो, "बघा, बघा, अर्धी शर्यत मीच जिंकलोय." बाबा म्हणायचे, "गप रे, गिऱ्हाइकांना त्रास देऊ नकोस." आता मी तिकडे गेलो की काउंटरकडे पाठ करून बसतो.

सगळ्यांना वाटतं आपण एका मापाचे. शाळेच्या भिंतीला पाठ लावून उभे राहायचो तेव्हा दोघांची डोकी एकाच रेषेत यायची. म्हणून तर मॅनेजरनं मला टीममध्ये घेतलं. चाक बदलत बसण्यापेक्षा अख्खी सायकल बदलणं झटपट होतं, आणि त्यासाठी शेजारी तुझ्या उंचीचा एक माणूस हवा. पण डोकी एका रेषेत आली म्हणून तंगड्या सारख्या होत नाहीत, फिर्मिन. माझं धड लांब आहे, पाय आखूड. माझी सीट तुझ्यापेक्षा बोटभर खाली लागते. हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी त्या दिवशी मॅनेजरसमोर म्हटलं होतं की मला जरा उंच होतेय, आणि तू हसून माझ्या पाठीवर थाप मारलीस, "बोटभरानं काय होतंय रे, पोराला पाय ताणायची सवय होईल." झाली सवय. तेव्हापासून मी तुझ्या मापाच्या सीटवर बसतोय. पेडलच्या प्रत्येक फेरीला माझी कंबर डावीकडे-उजवीकडे हलते. तुझे चाहते मला बदक म्हणतात. रस्त्याच्या कडेनं क्वॅक क्वॅक करतात आणि मी त्यांना टोपी काढून दाखवतो. मोसम संपला की जिना उतरताना मला कठडा धरावा लागतो. तुझा तो जिन्याचा विनोद म्हणूनच फार झोंबला मला.

मी तुझा हिशेब एकाच बाजूनं मांडतोय असं तुला वाटेल. तर दुसरी बाजूही सांगतो. फ्रान्समध्ये, डोंगरात, मला ताप आला होता तो दिवस. सगळे पुढे निघून गेले होते, मी वेळेच्या आत पोचणार नव्हतो, बाद होऊन घरी जाणार होतो. तेव्हा तू मागे आलास. टीमचा म्होरक्या, आणि मागे आलास! मॅनेजर गाडीतून बोंबलत होता, "फिर्मिन, वेड लागलंय का, पुढे जा!" आणि तू त्याला म्हणालास, "गाडी बाजूला घे, धूर तोंडात जातोय." तुझा हात माझ्या पाठीवर होता, अख्खा चढ. मध्येमध्ये शिव्या देत होतास. "चल रे बदका. गोडेलीव्हला काय सांगू मी, तिचा भाऊ फ्रान्समध्ये सांडून आलो?" मला हसायला यायचं आणि हसलो की उलटी. तो दिवस मी विसरलो नाही, विसरणारही नाही. म्हणून तर हे सगळं इतकं अवघड झालंय. तू नुसता नालायक असतास तर मी पत्र कशाला लिहिलं असतं?

आता गुरुवारचं. मी तुमच्या घरी आलो होतो, तू नव्हतास. गोडेलीव्हनं कॉफी टाकली, तांदळाचा केक कापला, आणि बोलता बोलता सहज म्हणाली, "तुमच्या टीममध्ये तो नवा पोरगा कधीपासून येणारेय? ह्यांनी अंगणात त्याच्या तंगड्या मोजल्या, टेप घेऊन. मला म्हणाले, जरा टेपचं टोक धर. मी काय शिंपीण आहे का?" ती हसत होती. मग माझ्याकडे बघून थांबली. माझी बहीण आहे ती, माझा चेहरा तिला वाचता येतो. म्हणाली, "ओडील, तुला माहीत नव्हतं?" मी म्हटलं, "माहीत होतं गं, मीच सुचवला तो." तुझ्यासाठी खोटं बोललो, का ते मलाही कळलं नाही. शुक्रवारी मॅनेजरला गाठलं. त्यानं डोळे वर केले नाहीत, नुसती सिगारेट झटकत राहिला. म्हणाला, "फिर्मिनचंच म्हणणं होतं. पुढच्या मोसमात त्याला तरणा गडी हवाय. मला वाटलं, घरातली गोष्ट आहे, तुमचं बोलणं झालं असेल." घरातली गोष्ट! मागच्या रविवारी तू माझ्या आईच्या टेबलाशी बसून सशाचं मटण दोनदा घेतलंस. माझ्या पोरीला गुडघ्यावर घेऊन घोडा-घोडा खेळलास. मिठाची डबी माझ्याकडे सरकवलीस. तोंड उघडायला तुला तेव्हा जागा सापडली नाही?

मला टीममधून काढलं याचा राग नाही. माणसं बदलतात, पाय थकतात, समजतं मला. पण माझे पाय थकले म्हणून तू मला काढत नाहीयेस. हल्ली मला दम लागत नाही हे बुधवारच्या आधीच तुझ्या लक्षात आलं होतं. येणारच. इतकी वर्षं तू माझ्या पाठीमागे आहेस, माझ्या खांद्यांवरून तुला सगळं कळतं. तू घाबरलास, फिर्मिन. आणि घाबरलास म्हणून जेवणाच्या टेबलावर विनोद केलास. सांग, चूक बोलतोय का मी?

काल दुपारी मी गॅरेजमध्ये गेलो. मेकॅनिक म्हणाला, "तुझ्या सायकलला हात लावायचा तर मॅनेजरला विचारावं लागेल." मी म्हटलं, "तू लावूच नकोस, तू बाहेर जाऊन सिगारेट ओढ." पान्हा घेतला आणि सीट बोटभर खाली घेतली. मग एकटाच गावाबाहेर निघालो, कापेलबर्गपर्यंत. आज शर्यतीत लागणारा आपला चढ, वीटभट्टीच्या वळणावरून सुरू होणारा, दगडी रस्त्याचा. खरं सांगू? मला रडायला आलं. कंबर हलली नाही. गुडघ्यात सुई फिरली नाही. त्या दगडांवरून मी इतक्या वर्षांत कधी असा गेलो नव्हतो. वर एक बाई कोंबड्यांना दाणे टाकत होती, तिनं विचारलंसुद्धा, "तू बदकच ना रे? आज नीट चाललायस!"

आता मुद्द्यावर येतो, कारण खाली तुझं हसणं थांबलंय, म्हणजे मालिश संपत आलीय. हे पत्र भांडायला लिहिलेलं नाही. दोन गोष्टी तुला शर्यतीच्या आधी कळाव्यात म्हणून लिहिलंय. एक, माझी सायकल आज तुला बसणार नाही. चाक बसलं तर माझ्या नावानं ओरडू नकोस. लुसियनला आत्ताच सांग, त्याची सीट तुझ्या मापाला घ्यायला अजून वेळ आहे. दुसरी, मी वीटभट्टीच्या वळणावर सगळ्यांना मागे टाकून एकटा पुढे सुटणार आहे. चढ सुरू व्हायच्या आधी, दगड लागले की लगेच. आपल्या टीमचा माणूस पुढे सुटला की मागच्यानं पाठलाग करायचा नाही, हे तूच मला शिकवलंस, आणि तुझ्यासाठी मी ते आजवर पाळलं. आज तुझी पाळी आहे. पाळणार नसशील तर ये माझ्या मागे, पण मग सगळ्यांना तुझ्या आडोशाला घेऊनच येशील, आणि त्या वळणावर आपलं अख्खं गाव उभं असेल, आई असेल, गोडेलीव्ह असेल. त्यांच्या समोरून मला गाठ. मॅनेजरला सांगून मला सुरुवातीलाच शर्यतीबाहेर बसवायचं असेल तर तेही तुझ्या हातात आहे, अजून पुरेसा वेळ आहे. न सांगता सुटलो असतो तर कदाचित सहज जिंकलो असतो. पण डोंगरात ज्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला त्याच्या पाठीमागून काही करायचं नाही मला. जे करायचं ते तुझ्या तोंडासमोर. पत्र तुझ्या टोपीत ठेवतोय. जिन्यात तुझी शीळ ऐकू येतेय, मी मागच्या दारानं चौकात निघालो. बोलायचं असेल तर आता रस्त्यावरच.

कापेलबर्गच्या पायथ्यापर्यंत तुझाच,
ओडील