आडनाव परत मागितलंस तेव्हा

विल्फ,

(‘प्रिय’ लिहून खोडलंय.)

नव्या बायकोला दुसरी मिसेस ब्रॅकनरॉइड नको, म्हणून मी तुझं आडनाव सोडावं, असं वकिलाकरवी कळवलंस. तळपायाची आग मस्तकात गेली. मग वाटलं, हा एवढं परत मागतोय ते आहे तरी काय?

हॅलिफॅक्सच्या वाचनालयात देशभरातल्या टेलिफोन डिरेक्टऱ्या चाळल्या. तुमच्या आडनावाची सदतीस घरं निघाली. लेस्टर, हल, पार प्लिमथपर्यंत. आपल्या दरीत मात्र एकटी मी! तीही इथल्या ब्रॅकनरॉइड नावाच्या शेतावर, जे तुझ्या नावाचं म्हणून आपण हौसेनं भाड्यानं घेतलं, आणि दोन वर्षांत कंटाळून तू सोडून गेलास.

वाचनालयात जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या मिस्टर ऑटींना विचारलं, “असं कसं हो?”

ते हसले. “अहो, शेत सोडून जो परगावी गेला, त्यालाच तिथले लोक शेताच्या नावानं ओळखायला लागले. घरी राहिलेल्याला आडनाव हवंय कशाला?”

म्हणजे ते सोडून जाणाऱ्यांचंच आहे. तुझंच. मी वकिलाला होकार कळवून टाकला.

आज पोस्टमन सिड आला, तर त्याला म्हटलं, “आता मी पुन्हा एनिड क्रॅबट्री. लक्षात ठेव.”

“आडनाव मी कधी वाचलंय, बाई? शेताचं नाव बघून पत्र आणतो. तुझ्याआधी त्या शेतावर राहणारी म्हातारी मिसेस पिकल्ससुद्धा आम्हाला ब्रॅकनरॉइडचीच होती.”

आता हे पत्र पोस्टात टाकायचं कारणच उरलं नाही.

ब्रॅकनरॉइडची एनिड