तांबं आधी, जस्त नंतर

मी, या ओतशाळेची मालकीण, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे सोडले तर बाकी ठणठणीत, कुणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. धंदा पुस्तकातून नाही, भाजून घेऊन शिकले, लिहिणेही तसेच. वकीलसाहेब म्हणाले, "आजी, थोडक्यात लिहा." ते तरुण आहेत, वाचतील.

१. राहते घर, बँकेतील ठेव आणि माझे कपाट मुलीला. कपाटाचे दार उचलून धरल्याशिवाय उघडत नाही. तसेच राहू द्यावे, चोराची तेवढीच पंचाईत.

२. लांब सांडशी मुलीलाच. कोरडी करून, तापवून मगच धातू वितळवायच्या मुशीत घालावी. ओल्या सांडशीपायी रस उसळला आणि माझी डावी भुवई गेली, ती अजून पुरती आलेली नाही.

३. तापमान मोजायचे यंत्र जावईबापूंचे, त्यांनाच. तांबे हजार पंच्याऐंशी अंशांना वितळते, हे यंत्र खरेच सांगते. पण मुशीतले तुकडे लाल होतात, मग नारिंगी, कडा खचतात आणि एकाएकी सगळे आरशासारखे लखलखते, ते आकड्याकडे बघणाऱ्याच्या हातून निसटते. ती नजर मुलीला आहे. जावईबापूंनी राग मानू नये.

४. ओतशाळा आणि भट्टी धाकट्या भावाला. कारण लिहिणे भाग आहे. एकोणीस वर्षांपूर्वी वाचनालयाच्या दारांसाठी पितळेच्या चाळीस मुठी ओतायच्या होत्या. पितळेसाठी आधी तांबे पुरते वितळवायचे, मग त्यात जस्त घालायचे. जस्त भारी उतावळे. चारशेवीसला वितळते आणि नऊशेच्या पुढे उकळून धूर होऊन जाते. तांबे तेव्हा अजून घट्टच असते. घाईत मी दोन्ही एकदम मुशीत घातले. पांढरा धूर, जसा काही कापूस पिंजला! मुठी निघाल्या लालसर, भोकाभोकांच्या. वाचनालयाची माणसे समोर उभी. मी म्हटले, "धाकट्यानं जस्त आधी टाकलं." त्याने माझ्याकडे एकदा पाहिले, एप्रन खिळ्याला अडकवला आणि गेला. रस्त्यापलीकडे ॲल्युमिनियमची भांडी ओतू लागला. मी येताजाता ऐकवत असे, "साडेसहाशेला पाघळतं ते! त्याला भट्टी कशाला, डोळे वटारले तरी पुरे!" तोंड चालू होते, मन खात होते. चूक माझी होती. हे कलम सर्वांदेखत मोठ्याने वाचावे.

५. कलम ४ मधली देणगी आज सकाळी रद्द झाली, कबुली कायम. धाकट्याला बोलावून कागद दिला. त्याने दोनदा वाचला, चष्मा पुसला, वकीलसाहेबांना म्हणाला, "पेन द्या."

वकीलसाहेब ओरडले, "अहो काका, साक्षीदार म्हणून सही केलीत तर यातलं काही मिळणार नाही तुम्हाला! कायदाच आहे तसा."

"म्हणूनच करतोय. भट्टी पोरीला जाऊ दे. मला ही एवढी ओळ हवी होती." मग माझ्याकडे वळून, "आणि ताई, साडेसहाशे नाही, सहाशे साठ. एवढंही येईना तुला?"

सबब ओतशाळा आणि भट्टी मुलीला.

खिळ्यावरचा एप्रन अजून तिथेच आहे. तो माझा नाही, तेव्हा देणारी मी कोण? ज्याचा त्याने जाताना घेऊन जावा. नाहीतर इथेच बांधावा. दुपारी भट्टी पेटणार आहे.

सही : ताई
साक्षीदार : १. धाकटा भाऊ, ॲल्युमिनियमवाला
२. शेजारचे कुलूपवाले
ठिकाण : भट्टीजवळचे टेबल
दिनांक : चौदा, मंगळवार