समोरची वाटी

दि. ९ ऑगस्ट

चि. ठमीस मावशीचे पुष्कळ आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर बोललेलं उडून जातं, कागदावरचं पुन्हा वाचता येतं, म्हणून माझ्या हट्टाखातर तू लिहितेस याचं बरं वाटतं. मेसचं जेवण तुझ्या घशाखाली उतरत नाही, आणि खोलीतली ती तुझी चष्मिष मैत्रीण मालिका बघून बघून कोरियन खायचं म्हणून मागे लागली आहे म्हणतेस. काका म्हणाले, पोरीला आधी नकाशात कोरिया दाखवू दे, मग खाऊ दे. मी म्हटलं, तुम्हीच दाखवा. तर त्यांना चष्मा सापडेना.

खा, पण कुठे खायचं ते नीट चौकशी करून ठरव. चकचकाटाला भुलू नकोस, स्वयंपाकघर दिसतं का बघ. ताई असती तर तुला एकटीला जाऊच दिलं नसतं. तुझ्या आईला जाऊन दोन वर्षं झाली, तरी तुझं पत्र आलं की वाचून दाखवायला आधी तिलाच हाक मारायला जाते मी.

रोज देवाचं नाव घे. उपाशीपोटी वर्गात बसू नकोस. या म्हातारीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी मावशी


दि. २० ऑगस्ट

ती. मावशीस सा. न. वि. वि.

चौकशी पुरी झाली. या गावात जिथे बघावं तिथे विद्यार्थीच, त्यामुळे कोरियन खायला चक्क तीन जागा आहेत. पहिली कॉलेजच्या फाटकासमोर. भिंतीवर गायकांचे फोटो, गाणी इतकी मोठी की आपण काय चावतोय ते कळत नाही, आणि सगळ्या पदार्थांवर तोच गोड-तिखट लाल रस. चष्मिष तिथे खूश. दुसरी ग्रंथालयामागे. तिथे टेबलातच शेगडी असते, कच्चं आणून देतात, भाजायचं आपण. पैसेही द्यायचे आणि स्वयंपाकही आपणच करायचा, हे तुझ्या पचनी पडणार नाही.

तिसरी जागा खरी. झेरॉक्सच्या दुकानावर लाकडी जिना चढून जायचं. पाटी नाही, दाराला नुसता निळा पडदा. एक कोरियन आजीबाई एकट्या रांधतात. बसल्याबरोबर लहान लहान वाट्या मांडतात. मुरवलेला तिखट कोबी, त्याला किमची म्हणतात, तिळाच्या तेलातला पालक, मोड आलेलं सोयाबीन. वाटी संपली की न मागता भरतात आणि त्याचे वेगळे पैसे नाहीत. तुझ्या हिशेबाच्या वहीला हीच जागा मानवेल.

तिथे एक गंमत झाली. चष्मिषचा तास होता म्हणून मी एकटीच गेले. भात आला, मी पाणी घ्यायला उठले आणि चमचा टेबलाला लागू नये म्हणून भातात उभा खोचला, आई करायची तसा. आजीबाई मागून येत होत्या, त्या जागीच थबकल्या. माझ्याकडे बघितलं, मग समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे. आत जाऊन भाताची दुसरी वाटी घेऊन आल्या आणि खुर्चीपुढे ठेवली. कोणी येणार नाही, असं मी खुणेने सांगितलं. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि त्याही भातात चमचा उभा केला.

काकांना नमस्कार. माया आहेच, ती वाढू दे.

तुझी ठमी


दि. ३१ ऑगस्ट

चि. ठमीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तिसरी जागा मला पसंत. पण ती दुसरी वाटी कशाला? त्या भाताचं पुढे काय झालं ते तू लिहिलं नाहीस. अन्न टाकलेलं मला चालत नाही, ते कोरियाचं असलं तरी.

चमच्याचं वाचून मात्र ताई डोळ्यांपुढे उभी राहिली. चमचा खाली टेकला तर विटाळल्यासारखा धुऊन आणायची. आम्हा सगळ्यांना ती सवय तिनेच लावली. तू भात चिवडत बसायचीस आणि ती समोर आपल्या भातात चमचा खोचून तुझी वाट बघायची. तू शेवटचं शीत उचलेपर्यंत स्वतः घास घ्यायची नाही आणि तुझं झालं की दोन मिनिटांत जेवून कामाला लागायची. काका म्हणायचे, ही जेवते कधी हे देवालाच ठाऊक.

तब्येत जप. आमची आठवण असू दे.

तुझी मावशी


दि. २ ऑक्टोबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. मी आता रोज तिथेच जेवते. एक सांगायचं आहे, पण काकांना वाचून दाखवू नकोस.

माझा भात गार होतो. समोरच्या वाटीतून मात्र वाफ येत राहते. आणि नुकत्याच वाळलेल्या, उन्हातून आणलेल्या कपड्यांचा वास येतो, आईच्या पदराला यायचा तसाच. मी इकडचं तिकडचं सांगत बसते. कोणी अडवत नाही.

एके दिवशी तासाची घाई होती म्हणून भराभर जेवले. शेवटचा घास चमच्यात घेतला आणि समोरची खुर्ची फरशीवर कर्रकन वाजली, कोणी उठायला लागलं की वाजते तशी. मी घास परत वाटीत टाकला. खुर्ची थांबली.

तेव्हापासून मी वाटी संपवत नाही. घास शिल्लक असला की ती बसून राहते. आधी एकच ठेवायचे. आता घाईत चूक होऊ नये म्हणून बराचसा भात ठेवते.

तू घाबरू नकोस. मी खूप आनंदात आहे.

तुझी ठमी


दि. १४ नोव्हेंबर

ती. मावशींस, सा. न.

मी ठमीच्या खोलीत राहते. तिच्या पत्रांतली चष्मिष ती मीच. तिला न विचारता लिहिते आहे, माफ करा.

ठमी अर्धी झाली आहे. कपडे अंगावर लोंबतात. दुपारी त्या आजीबाईंकडे जाते ती दिवेलागणीला येते. वर्गात येणं सुटलं. असंच चाललं तर परीक्षेला बसू देणार नाही असं कॉलेजने कळवलं आहे. काल ती जिन्यात चक्कर येऊन पडली.

मी आज तिच्याबरोबर गेले. मला खुर्चीत कोणी दिसलं नाही. समोरच्या वाटीला हात लावला, ती गार होती. पण वाकून बघितलं तेव्हा माझ्या चष्म्यावर वाफ धरली. मी अजून तो पुसलेला नाही, कोणाला तरी दाखवावा असं वाटत होतं. पण आपोआप निवळला.

आजीबाईंना आत जाऊन मालिकांतून शिकलेल्या मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये विचारलं. त्या म्हणाल्या की त्यांच्याकडे भातात चमचा उभा करतात तो फक्त गेलेल्या माणसासाठी, त्याला जेवायला बोलवायला. ठमीने चमचा रोवला तेव्हा त्यांना वाटलं, पोरीने कोणाला तरी बोलावलं आहे, मग पाहुणीला वाढायला नको? पण पाहुणी येते, बसते आणि उपाशीच राहते, असं म्हणताना त्यांचे डोळे भरले. आलेल्याला ऊठ म्हणणं त्यांना जमणार नाही. घरच्या मोठ्या माणसाने पोरीला सांगावं, म्हणाल्या.

लवकर लिहा. ती तुमचंच ऐकेल.

आपली, चष्मिष


दि. १९ नोव्हेंबर

चि. ठमीस आशीर्वाद.

चष्मिषवर चिडू नकोस. तुझं मागचं पत्र मी आठवणीने हळवी झालीस म्हणून सोडून दिलं, उत्तर लिहिलं नाही, ती चूक माझी. तिचं पत्र देवापुढे ठेवून मी सकाळभर बसले होते. काकांनी तोवर पिशवी भरून दारात ठेवली, तुला ओढून आणायला. मी त्यांना थांबवलं, आठ दिवसांपुरतं.

बाळा, आधी मला भलतीच शंका आली की ताई तुला न्यायला आली आहे. मग माझीच लाज वाटली. ताई कोणाला न्यायची नाही ग. ती तुझं जेवण व्हायची वाट बघते आहे, जन्मभर बघितली तशी. तू घास राखून ठेवतेस आणि समोर तुझी आई उपाशी बसून राहते. एवढं माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मला काल जेवण गेलं नाही.

हे पत्र मिळेल त्या दुपारी जा. गप्पा मारू नकोस. शेवटच्या शितापर्यंत जेव. खुर्ची वाजली तर वाजू दे, मान वर करू नकोस. झालं की चमचा आडवा ठेव. हे अवघड आहे हे मला कळतं. तरी कर.

देव तुझ्या पाठीशी आहे, मीही आहे.

मावशी


दि. २७ नोव्हेंबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

गुरुवारी दुपारी गेले. वाटी संपायला फार वेळ लागला, पोट घ्यायला तयार नव्हतं. शेवटचा घास गिळला. चमचा आडवा ठेवला. खुर्ची वाजेल म्हणून कान लावून बसले, पण ती वाजली नाही. वाजला तो चमचा, वाटीच्या तळाशी घासून, पटपट, आई जेवायची तसा. मी डोळे मिटून ऐकत राहिले. मग आवाज थांबला.

वर बघितलं तर समोरच्या वाटीत एक शीत नव्हतं. चमचा आडवा ठेवलेला होता.

आजीबाईंनी दोन्ही वाट्या उचलल्या, खुर्ची आत सरकवली आणि माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकच वाटी आणली. मी वर्गात जाते आहे. मला फार भूक लागते, मावशी, आणि फार रडू येतं. चष्मिष म्हणते दोन्ही चांगली लक्षणं आहेत.

तुझी माया होती म्हणून जमलं.

तुझी ठमी


दि. ५ डिसेंबर

चि. ठमीस अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून देवापुढे दिवा लावला. काकांनी पिशवी रिकामी केली. चष्मिषला माझे आशीर्वाद सांग, तिला नवा चष्मा घ्यायचा असला तर त्याचे पैसे मी देईन. माझ्या तोंडून पैशांचं ऐकून काका पडलेच जागेवर.

तू गुरुवार लिहिलास म्हणून सांगते. त्याच दुपारी काका बाहेर गेले होते, मी एकटीच जेवायला बसले. पाणी घ्यायला उठले ते सवयीने भातात चमचा खोचून. परत आले तर स्वयंपाकघरात तिळाच्या तेलाचा वास. आपल्याकडे ते तेल कधीच आणत नाहीत. काकांची खुर्ची जराशी मागे ओढलेली होती.

मी खाली बघून जेवू लागले. शेवटचा घास उरला आणि तुला लिहिलेलं सगळं विसरले. वाटलं, एवढा एक राहू दे. ती माझीही ताई होती ग. लहानपणी माझंही जेवण होईपर्यंत थांबायची. हात किती वेळ अडला ते मला सांगता येणार नाही.

मग खाल्ला. चमचा आडवा ठेवला आणि म्हटलं, ताई, पोरगी जेवली, मीही जेवले. आता तू सावकाश जेव.

नंतर भांडी घासायला बसले तर वाट्या दोन निघाल्या. मी एकच काढली होती. बाकी कशात चुकेन, पण मोजदादीत मी चुकत नाही, हे तुला माहीत आहे. दोन्ही घासून, पुसून पालथ्या घातल्या.

पोटभर जेवत जा, आणि आमच्यावर जीव असू दे.

तुझी मावशी