ताईचा न धुतलेला कोट

१२ फेब्रुवारी

टिल्ली पुन्हा रात्रभर खोकली. पहाटे मी तिच्यावर खेकसले आणि मग दिवसभर स्वतःवर चिडत बसले. सात वर्षांची पोर! तिची आई, म्हणजे माझी ताई, अशी बसल्या बसल्या गेलेली. हृदय बंद पडलं म्हणाले. बाप तर कधीचाच पसार.

आता ती माझी. आणि मी कोण? लाँड्रीत दिवसभर लोकांचे डाग काढणारी एकटी बाई. मूल कसं वाढवायचं मला काय कळतंय? कपाळ!

शेजारच्या काकू म्हणाल्या, "रडून रडून दम लागतो गं तिला. दुःख छातीत बसलंय." बसलंय ना, मग उठणार कधी ते सांगा! ते कुणी सांगत नाही.

१५ फेब्रुवारी

शाळेतून बाईंचा फोन. पळता पळता मध्येच खाली बसते म्हणे. "लक्ष वेधून घेत असेल, आई नाही ना." मी म्हटलं, "छातीवर दगड ठेवून तुम्ही एकदा पळून बघा, मग बोलू." उगाच बोलले. पण बोलून बरं वाटलं.

१९ फेब्रुवारी

लिहू की नको कळत नाही.

दुपारी लवकर सुटले. दार उघडलं तर घरात ताईचा वास! तिचं ते स्वस्तातलं अत्तर, त्यात तिच्या केसांचा वास. चपला तशाच पायात. "ताई?" — हो, मी हाक मारली! मारली!

आतल्या खोलीत कपाट सताड उघडं. आणि खाली कोपऱ्यात टिल्ली, ताईचा लोकरीचा कोट डोक्यावरून घेतलेला, गुडघे पोटाशी. छातीतून शीळ येत होती. बारीक, लांब, दूर कुणीतरी वाजवतंय अशी. मला बघून म्हणाली, "आई आली होती, मावशी. आई आली की मला असं होतं."

२० फेब्रुवारी

ताईच्या घरून आणलेलं सगळं मी धुतलं. चादरी, पडदे, टिल्लीची कापडी अस्वलं, सगळं. फक्त हा कोट नाही. कॉलरमध्ये ती आहे अजून. मीसुद्धा कधी कधी कपाट उघडून उभी राहते. कोणाला सांगणार? लाँड्रीच्या मालकीणबाई हसून हसून मरतील — धोबीणच कपडा धुवायला तयार नाही!

आज कपाटासमोर हात जोडले. म्हटलं, पोरीला नेऊ नकोस गं. एवढं ऐक.

२६ फेब्रुवारी

लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. करड्या आवाजाच्या, पण टिल्लीशी गोड. छाती ऐकली, फुंकर मारायला लावली. "दमा आहे."

मी म्हटलं, "तो म्हाताऱ्यांना होतो ना?"

"मुलांनाही होतो. पहाटेचा खोकला, पळताना बसणं, शीळ, सगळं त्याचंच. श्वासाच्या नळ्या आतून सुजतात. रडलं की दम वाढतो, म्हणून सगळे रडण्यालाच दोष देतात."

दोन पंप दिले. एक रोजचा. बरं वाटलं तरी चुकवायचा नाही, वर खळखळून चूळ भरायची. दुसरा दम लागला की. दोन्ही लांब प्लॅस्टिकच्या नळीतून घ्यायचे. टिल्ली म्हणाली, हत्तीची सोंड.

मग हातावर थेंब ठेवून टोचून पाहिलं, कशाची ॲलर्जी ते. धुळीचा ठिपका जेमतेम लाल. मांजराचा टरारून फुगला.

"घरी मांजर?"

"नाही. बहिणीचा बोका होता, ती गेली तेव्हाच तो एका गॅरेजवाल्याला दिला."

"मांजर गेलं तरी त्याचा कोंडा मागे राहतो, महिनोन् महिने. डोळ्यांना दिसत नाही. लोकर, गाद्या, उशा — तिकडून काही आणलंय?"

"सगळं धुतलेलं आहे. माझा धंदाच तो."

कोटाचं बोलायला जीभच रेटली नाही.

२७ फेब्रुवारी

तो बोका ताईच्या कोटावरच झोपायचा! खुर्चीवर कोट टाकला की हा महाराजासारखा वर. म्हणजे येत होता तो बोका. ताई नव्हेच.

हसू आलं. मग इतकं रडू आलं की इस्त्रीखालचा शर्ट जळता जळता वाचला. ताईला घाबरत होते, पण ती येतेय एवढं तरी होतं.

कोट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकला. गाठ मारायच्या आधी एकदा नाक खुपसलं.

५ मार्च

पंप लागू पडतोय! टिल्ली आज जिना पळत चढली. मीच खाली धापा टाकत.

९ मार्च

दवाखान्यात बसून लिहितेय. बिलाच्या पाठीवर. घरी गेल्यावर चिकटवीन.

संध्याकाळी आले तर माळ्याखाली स्टूल. पिशवी फाडलेली. टिल्ली कोटात, भिंतीला टेकून बसलेली. गप्प. मी कान दिला. शीळ नव्हती. म्हटलं, चला, सुटलो! मूर्ख बाई!

मग कोट बाजूला केला. गळ्याखालचा खड्डा दर श्वासाला आत ओढला जात होता. खांदे वर, नाकपुड्या फुललेल्या, ओठांचा रंग बघवेना. "मा—" म्हणाली. पुढचं 'वशी' निघेचना.

सोंड लावली, पंप दाबला, श्वास घे, परत दाबला. काकूंनी गाडी बोलावली. रस्ताभर दाबत होते, शिकवलं तसं. इथे तोंडावर मास्क लावला, सुई टोचली. आणि मग ती शीळ परत वाजायला लागली. मी हंबरडा फोडला. वाटलं, संपलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रडू नका, शीळ आली हे चांगलं आहे. वाजायलाही हवा लागते. मघाशी तेवढीही आत जात नव्हती."

मग मी कोटाचं सांगितलं. वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसत्या म्हणाल्या, "धुऊनही थोडं राहतं. घरातून गेलेलाच बरा."

१२ मार्च

कोट लाँड्रीत नेला. टाकून देता येईना, म्हणून उकळतं पाणी घेतलं. मालकीणबाई ओरडल्या, "अगं, लोकर ती! डोकं फिरलंय का तुझं?" एक पाणी, दुसरं पाणी. अत्तर पहिल्या पाण्यातच गेलं. इतक्या दिवसांची ताई, एका पाण्यात!

आटून पुठ्ठ्यासारखा झाला. कॉलर हुंगली. साबण. मग फेकणं सोपं गेलं.

१६ मार्च

टिल्ली घरी आली. माझ्याशी बोलत नाही. जेवताना एकच वाक्य: "तू आईला धुऊन टाकलंस."

खरंय.

२४ मार्च

घरात कुठलाच वास नाही. मी लवकर घरी येते आणि दारात उगाच थांबते. कोणी येत नाही.

टिल्ली मात्र शांत झोपते. मी तिच्या छातीवर कान ठेवून ऐकते, आणि आता शांततेचीही भीती वाटते. हात लावून बघते, छाती हलतेय ना. जागी झाली की ढकलते मला. ढकल बाई, ढकल. जोर आहे अंगात.

२ एप्रिल

टिल्लीने सकाळचा पंप स्वतःचा स्वतः घेतला. चूळ भरली. तोंड पुसता पुसता म्हणाली, "आईचीपण अशीच शीळ वाजायची. खिडकीपाशी वाकून बसायची, बोलता यायचं नाही. मला सांगायची, मावशीला नको सांगू, घाबरेल ती."

मग टॉवेल खाली करून माझ्याकडे बघितलं.

"आईला का नाही आणला पंप?"