लाल ठिपक्याचा कुकर

४ मार्च, मंगळवार

ही गेली त्याला आज सहा आठवडे झाले. ओट्याखालचं कपाट आवरलं. डावीकडची भांडी माझी, उजवीकडची हिची. माझ्या भांड्यांच्या दांड्यांवर हिच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. चोवीस वर्षांत एकदाही अदलाबदल झाली नाही. पाहुणे हसायचे — "एका घरात दोन चुली!" ही म्हणायची, "चूल एकच हो, बर्नर दोन."

लाल ठिपक्याच्या कुकरची रबरी रिंग साबणाने घासली. लिंबू चोळलं. दोन दिवस उन्हात ठेवली होती. तरी मटणाचा वास येतोच. स्टील वास सोडतं, रबर सोडत नाही.

टाकणार होतो. परत ठेवून दिली.

५ मार्च

लेकीने आज दूधही बंद केलं. "नको वाटतं, बाबा." आईचेच शब्द!

मटण तिने कधीच खाल्लं नाही, पण अंडी खायची, दूध प्यायची. ही गेल्यावर आधी अंडी गेली, मग दही, आता दूध. भात आणि उकडलेला बटाटा. तोही अर्धा. मी समोर बसतो आणि बघतो. मला बोलायला तोंड कुठे आहे?

९ मार्च, रविवार

खाटकाने रस्त्यात गाठलं. दुकान सोडून फळीवरून खाली उतरून आला. "भाऊ, वहिनींचं कळलं. वाईट झालं. एवढ्या नळ्या निवडून निवडून दिल्या — लागू पडल्या नाहीत ना?" हात पुसत उभा राहिला बिचारा. मी मान हलवली आणि निघालो.

लेक याच रस्त्याने शाळेत जाते. बालवर्गाला शिकवते. उद्या तो तिला म्हणाला तर?

इथे तरी लिहून टाकतो. दुसरीकडे कुठे बोलणार.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी हिने मांस सोडलं. तेव्हा ही शीतगृहाच्या ऑफिसात टायपिस्ट होती. रोज किती कोंबड्या आल्या, किती गेल्या, त्याचा तक्ता टाइप करायचा. एक दिवस एक शून्य जास्त पडलं. चार हजारांचे चाळीस हजार झाले. घाबरून साहेबाकडे गेली. साहेब म्हणाला, "असू द्या, उद्याच्यात जुळवू." बस्स, एवढंच. घरी आली, ताटाला हात लावला नाही. म्हणाली, "छत्तीस हजार जीव, आणि कोणाचं काही अडलं नाही!"

मला कधी सोडायला लावलं नाही. "तुम्ही खा. पण मोजून खा. किती खाल्लं ते आपल्याला माहीत तरी असावं." तेव्हापासून मी बुधवारी आणि रविवारी खायचो. मोजून चार तुकडे.

मग आजारपण आलं. वजन उतरायला लागलं. डॉक्टर म्हणाले, ताकद राहायला हवी, अंगात प्रथिनं जायला हवीत. हाडांचं सूप द्या, पटकन पचेल. ही हसली. "चोवीस वर्षं मोडायची, आणि कशासाठी — चार महिन्यांसाठी?" डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले.

दुसऱ्याच दिवशी मी खाटकाकडून मटणाच्या नळ्या आणल्या. सकाळी माझ्या कुकरमध्ये शिजवायच्या, सूप फडक्यातून गाळायचं, वरची चरबी काढायची, टोमॅटो-गाजर वाटून घालायचं, मिरपूड. थर्मासमध्ये भरायचं. "भाज्यांचं सूप आहे गं." औषधांनी हिचं नाक गेलं होतं, चवही गेली होती. मी कामावर जायचो. लेक बाराला घरी यायची, ती भरवायची. संध्याकाळी थर्मास धुऊन पालथा घातलेला असायचा. रोज संपायचं! तीन महिने. मला केवढं बरं वाटायचं.

रोज संपायचं, तरी वजन उतरतच गेलं.

म्हणजे हिचा शब्दही मोडला आणि हीही गेली. आता मटण माझ्या घशाखाली उतरत नाही.

१३ मार्च

दुकानात गिऱ्हाइकाच्या चष्म्याच्या काचा घासत होतो, मालकांनी हाक मारली — "घरून फोन आहे." फोन शाळेतून होता. मुलांना गोल करून बसवताना लेक खाली बसली ती आडवीच झाली. मुलांना वाटलं खेळच आहे, तीही सगळी पटापट आडवी झाली! शेजारच्या वर्गाच्या बाई आल्या तेव्हा वीस जणं जमिनीवर. खेळ की खरं, हे कळायला त्यांना वेळ लागला.

बाईंनी हसत सांगितलं. मीही हसलो. काच फुटली होती हातात, ते नंतर दिसलं.

१४ मार्च

हिमोग्लोबिन सात. डॉक्टर तेच. तीच खोली, तीच खुर्ची. "गोळ्या देतो, इंजेक्शनं देतो. पण पोटात काही गेलं पाहिजे. दहा दिवसांनी परत तपासू. वर आलं नाही तर दाखल करावं लागेल." मग मला एकट्याला बाहेर थांबवून म्हणाले, "आईसारखं करू देऊ नका तिला."

१६ मार्च, रविवार

ताई आली. माझी मोठी बहीण. बॅग टेकवायच्या आधीच सुरू — "बाप-लेक वाळून चाललात! तूही सोडलंस म्हणे? अरे, अख्खं जग खातं. देवानं सुळे कशाला दिलेत, दाखवायला?"

लेक शांतपणे म्हणाली, "आत्या, सुळे माकडालाही आहेत. ते केळं खातं."

"बघ! जीभ चालतेय. मग हात का चालत नाही ताटात?"

लेक उठून गेली. भात तसाच.

ताई माझ्याकडे सरकली. आवाज खाली. "हे बघ. गुपचूप सुपात घालायचं. गाळून. वर टोमॅटो. कळणारसुद्धा नाही तिला. तिच्या आईसाठी नाही सुचलं तुला, निदान लेकीसाठी तरी कर."

माझ्या हातातलं पाणी सांडलं. ताईला वाटलं मी चिडलो.

१७ मार्च

ताईला म्हटलं, नाही. ताई म्हणाली, "मग काय, बघत बसणार?" हाच प्रश्न हिच्या आजारपणात मी मला विचारला होता. आणि नळ्या आणल्या होत्या.

२० मार्च

इंजेक्शन रोज एक. लेकीचे दंड हिच्यासारखे दिसायला लागलेत. आज तिला सांगून टाकावं असं वाटलं. मी तुझ्या आईला फसवलं. काय व्हायचं ते होऊ दे. निदान माझ्याशी भांडायला तरी ताकद लागेल, त्यासाठी जेवेल! दारापर्यंत गेलो. ती झोपली होती. झोपली होती का, कोण जाणे.

२२ मार्च, शनिवार

नीट लिहितो.

शनिवारी दुकान अर्धा दिवस. घरी आलो तर जिन्यातच वास. लेक इंजेक्शनला गेलेली. ताई अंघोळीला. ओट्यावर लाल ठिपक्याचा कुकर, आणि शेजारी थर्मास. तोच थर्मास. हिचा. भरलेला, झाकण घट्ट. झाकणाच्या कडेला टोमॅटोचा लाल ओघळ. ताईने केलंच!

काही विचार केला नाही. थर्मास उचलला, झाकण काढलं आणि मोरीत उलटा केला. गरम वाफ तोंडावर आली. शेवटचा थेंब जाईपर्यंत धरून उभा होतो.

मागे वळलो तर लेक दारात. दंडाला कापूस धरलेला. तोंड पांढरंफटक. थर्मासकडे बघत होती.

"बाबा, तुम्हाला कधी कळलं?"

"काय?"

"मी ओतायचे ते."

खाली बसली, जमिनीवरच. मग सगळं एका दमात. पहिल्याच दिवशी झाकण उघडलं तेव्हा वास आला. आई झोपलेली. हिला कळलं तर काय वाटेल, म्हणून ओतून दिलं. थर्मास धुतला. गाजर, टोमॅटो, दुधी पातेल्यात शिजवून तिचं तिने सूप केलं, तेच भरवलं. मग रोज. तीन महिने. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही दुसरं काहीतरी केलं असतं. आईचा शब्द मोडायला नको होता मला, बाबा. मला वाटायचं मी आईच्या बाजूची आहे." मग खूप हळू — "डॉक्टरांनी सांगितलं होतं ना? ते पोटात गेलं असतं तर? अजून किती दिवस मिळाले असते?"

तेवढ्यात न्हाणीघराची कडी वाजली. ती उठून आत गेली. मी थर्मास हातात घेऊन तसाच.

तीन महिने एक थेंबही हिच्या पोटात गेला नाही. हिने शब्द मोडला नाही. मी कोणाला फसवलंच नाही — मोरीला फसवलं!

एक क्षण इतकं हलकं वाटलं. खरं लिहितो, वाटलं. मग लगेच लाज वाटली. माझ्या डोक्यावरचं गाठोडं नाहीसं झालं नव्हतं. ते केव्हापासून पोरीच्या डोक्यावर होतं. त्याच्याखाली ती जेवत नव्हती.

"तू आईचा शब्द राखलास" म्हणू? खरं आहे. पण तिने विचारलं ते वेगळंच. दिवस विचारले तिने. त्याचा हिशेब कोणाला येतो? डॉक्टरांनाही नाही येत.

परवा रक्ततपासणी.

२३ मार्च, रविवार

सकाळी ताईला म्हटलं, फिरून ये. लेकीला स्वयंपाकघरात बोलावलं. म्हटलं, "वेडाबाई, त्यात मटण नव्हतं. भाज्यांचंच होतं. आईच्या कुकरची रिंग गेली होती, दुकानात त्या मापाची मिळेना, म्हणून माझी लावायचो. तिचा वास. तुला सांगायचं राहिलं. काल मी ओतलं ते मात्र आत्याने केलेलं." रिंग काढून हातात दिली. "घे, बघ."

तिने वास घेतला. पुन्हा घेतला. बराच वेळ रिंग नाकाशी धरून होती.

"म्हणजे मी भाज्यांचं सूप ओतून भाज्यांचंच सूप देत होते? रोज?"

"रोज."

हसली! मोठ्यांदा, भिंतीला डोकं टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नऊला दूध प्यायली. साडेदहाला म्हणाली, "बाबा, अंडी आहेत का घरात?"

त्याच सुपाचं हे दुसरं खोटं. हे मात्र पोचलं.

दुपारी खाटकाकडे गेलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. म्हटलं, "माझी लेक इथून येते-जाते. कधी बोलणं निघालं, तर त्या नळ्या..."

त्याने सुरी खाली ठेवली. माझ्याकडे नीट बघितलं.

"कुठल्या नळ्या, भाऊ?"