गुरुवारी दाराशी आलेला माणूस

१९ जानेवारी, दुपार

ती. ताई,

नमस्कार. तुमचं पत्र परवा मिळालं. मी बरा आहे. जेवतो, गोळ्या वेळेवर घेतो. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई सूप आणून देतात आणि भांडं रिकामं झाल्याशिवाय हलत नाहीत. थंडी जरा ओसरलीय, रस्त्यावरचा बर्फ काळा पडून वितळतोय. तुमचा गुडघा कसा आहे? उगाच जिने चढउतर करू नका.

तुम्ही लिहिलंत, "तुम्ही माझ्या धाकटीचं फार केलंत. शेवटच्या आठवड्यातसुद्धा तिला फुलासारखं जपलंत, तिनंच मला फोनवर सांगितलं." ते वाचलं आणि पत्राची घडी करून ठेवली. दोन दिवस उत्तर लिहायला बसतोय, पण तुमच्या गुडघ्यापुढे गाडी सरकत नाही.

आज सांगतो.

त्या सोमवारी घर गरम ठेवणारा आमचा बॉयलर बंद पडला. चौतीस वर्षं मी इस्पितळाचं बॉयलरघर सांभाळलं. अख्खं गाव मला मिस्त्री म्हणतं. घरचा बॉयलर म्हणजे माझ्यापुढे खेळणं. मी बाह्या सरसावल्या. तुमची बहीण दोन स्वेटर आणि माझे मोजे चढवून मागे खुर्ची टाकून बसली, टॉर्च धरून.

"अहो, कंपनीच्या माणसाला बोलवू या का?"

"माझ्या घरात? माझ्याच हाताखाली शिकलेला? तासाभराचं काम आहे, गं."

"तुमचा तास मला माहितेय. लग्नाच्या दिवशीही तासाभरात पोचतो म्हणाला होतात."

तो तास मंगळवारीही संपला नाही. खरं कारण माझे हात, ताई. वर्षभर थरथरताहेत. बारीक स्क्रू चिमटीत धरला की घरंगळतो. मला वाटायचं, हे तिच्यापासून मी छान लपवलंय. ती मात्र कित्येक महिने माझा चहाचा कप अर्धाच भरत होती.

बुधवारी खिडकीच्या काचांवर आतून बर्फ धरला. आम्ही गाद्या स्वयंपाकघरात आणल्या, गॅस पेटता ठेवला आणि एकाच रजईत बसून पत्ते खेळलो. तिनं मला सहा वेळा हरवलं. "पत्ते चोरताना बरे हात चालतात तुमचे," वर न बघताच म्हणाली. मी हसलो, ती हसली आणि हसता हसता खोकायला लागली. तिची छाती लहानपणापासून नाजूक, हे मी तुम्हाला काय सांगणार!

त्या संध्याकाळी तिनं तुम्हाला फोन केला. "घर मस्त उबदार आहे, हे किती जपतात म्हणून सांगू," असं म्हणाली. मी समोरच बसलो होतो. बोलताना तिच्या तोंडातून वाफ निघत होती.

गुरुवारी तिनं मला न विचारता कंपनीला फोन लावला. दुपारी बेल वाजली. दार मी उघडलं. माझ्या हाताखालचाच तो, आता पन्नाशीचा झालाय. "मिस्त्री, तुमच्याकडे बॉयलर बंद?" म्हणून हसला. कुचेष्टेनं नाही हो, आदरानंच हसला. पण मला ते झोंबलं.

मी म्हणालो, "बंद कुठला? चुकून फोन लागला. केव्हाच चालू केला मी."

तो घुटमळला, पिशवी खांद्यावर सावरली आणि जिना उतरून गेला.

आमचं घर दोन खोल्यांचं. तिला शब्द न् शब्द ऐकू गेला होता. मी आत आलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं, आता ओरडेल. ताई, ओरडायला हवं होतं तिनं. ती एवढंच म्हणाली, "मग आज होईलच, नाही का?"

झालं नाही.

शुक्रवारी ताप चढला. शनिवारी सकाळी श्वास लागला, म्हणून रुग्णवाहिका बोलावली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घर गरम होतं ना?" मी तोंड उघडायच्या आत तिनं मास्क बाजूला केला. "होतं. मीच वेडी, गॅलरीत कपडे वाळत घालत बसले." एवढं बोलायला तिला चारदा थांबावं लागलं. आणि मी गप्प बसलो. रविवारी ती नुसता माझा हात धरून पडली होती. सोमवारी पहाटे गेली.

तुम्ही अंत्यविधीला येऊन तिथूनच परतलात; तिथं माझे दोन्ही हात धरून "नशीबच खोटं" म्हणालात, तेव्हाही मी गप्पच.

काल मी स्वतः त्या माणसाला बोलावलं. पंप अडकला होता. वीस मिनिटांत सुरू झाला. त्यानं विचारलं, "कधीपासून बंद होता?" मी सगळं सांगितलं. त्यानं पाना पुसून पिशवीत टाकला आणि खुर्चीत बसला. म्हणाला, "घर गार होतं, ते मला दारातच कळलं होतं, मिस्त्री. तुम्ही म्हणालात म्हणून गेलो." त्याची समजूत मी कशी काढणार? तुझा दोष नाही, एवढं म्हणालो. ते तरी खरं होतं.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "एकटे राहू नका, इकडेच या, मागची खोली रिकामी आहे." आता बोलावू नका. माझ्या ताठ्यापायी ती गेली, हे तिच्या सख्ख्या बहिणीला कळायलाच हवं. तिनं तुम्हाला जन्मात सांगितलं नसतं. क्षमा मागायला हे लिहीत नाही. जिच्याकडे मागायची, तिनं मी मागायच्या आधीच देऊन टाकली. तेच सोसवत नाही.

घर आता उबदार आहे. मला आत बसवत नाही. हे पत्र जिन्याच्या पायरीवर बसून लिहिलंय.

तुमच्या धाकटीचा नवरा